तिन्ही नामांकनं तिचीच

चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की घरोघरी एक लुटुपुटुची लढाई सुरू होते. हिला कसं काय मिळालं, तिला का नाही मिळालं, आणि त्या सिनेमात तिनं एवढं केलं तरी काय? भाजी निवडताना, लोकलच्या डब्यात, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आपण सगळ्याजणी परीक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसतो. या वादात एक नाव मात्र पन्नास वर्षं उलटून गेली तरी निघतंच. मीनाकुमारी. 'पाकीजा'साठी तिला फिल्मफेअर मिळायलाच हवं होतं, असं म्हणणारे आजही भेटतात. आणि बोलण्याच्या शेवटी एक शब्द हमखास येतो, बिचारी!

आज बोलायचंय ते या 'बिचारी'बद्दलच. पुरस्कार कामाला द्यायचा की कहाणीला, हा प्रश्न मीनाकुमारीच्या बाबतीत जितका अडचणीचा होतो तितका क्वचितच कुणाच्या बाबतीत होत असेल.

तिचं खरं नाव महजबीन बानो. जन्म 1 ऑगस्ट 1933 चा, मुंबईचा. वडील अली बक्ष संगीतातले, आई इकबाल बेगम रंगभूमीवरची. घरात कला होती, पैसा नव्हता. मग काय, ज्या वयात मुली पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातात त्या वयात ही स्टुडिओत जाऊ लागली. विजय भट्ट यांच्या 'लेदरफेस' या 1939 सालच्या चित्रपटात ती पहिल्यांदा दिसली. पुढे बेबी मीना झाली, मोठी झाल्यावर मीनाकुमारी. शाळा अशी धड झालीच नाही. पण वाचायची आवड जबरदस्त, आणि पुढे 'नाझ' या नावाने तिनं उर्दू शायरीही लिहिली. एक गोष्ट लक्षात घ्या, अभिनय हा तिचा छंद नव्हता की तिनं स्वतः निवडलेला मार्गही नव्हता. तो घर चालवण्याचा रोजगार होता, आणि सहाव्या वर्षापासून तिनं तो केला. अंगात मुरलेली कारागिरी म्हणतात ती अशी येते.

1951 साली महाबळेश्वरहून येताना तिच्या गाडीला अपघात झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात ती बरेच दिवस होती. डाव्या हाताची करंगळी कायमची अधू झाली. नायिकेचा चेहराच नव्हे, तर बोटंसुद्धा रेखीव लागायची असा तो जमाना. तिनं काय करावं? डावा हात पदराआड, ओढणीच्या घोळात, कधी फुलांच्या आड ठेवण्याची अशी काही लकब बसवली, की वर्षानुवर्षं प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. आता तिचे चित्रपट पाहाल तेव्हा मुद्दाम त्या हाताकडे बघा. तो हात लपवलाय असं वाटतच नाही, तो तिच्या अदाकारीचा भाग वाटतो. हे दुःखातून आपोआप येत नाही हो, हे कमवावं लागतं.

त्याच दुखण्याच्या दिवसांत दिग्दर्शक कमाल अमरोही तिला भेटायला येत असत. फेब्रुवारी 1952 मध्ये तिनं त्यांच्याशी गुपचूप निकाह केला. तिचं वय अठरा. ते आधीच विवाहित, मुलंबाळं असलेले. वडिलांना कळल्यावर व्हायचं ते झालं. बापाच्या धाकातून ती निघाली आणि नवऱ्याच्या धाकात गेली, असं तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलंय.

त्याच वर्षी 'बैजू बावरा' आला. दिग्दर्शक तेच विजय भट्ट. 1954 साली फिल्मफेअरने पहिल्यांदा पुरस्कार दिले, तेव्हा आजच्यासारखी पंचवीस-तीस पारितोषिकं नव्हती, मोजून पाच होती. त्यातलं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं मीनाकुमारीला मिळालं. म्हणजे फिल्मफेअरची ती बाहुली हातात घेणारी पहिली नायिका तीच. लगेच पुढच्या वर्षी बिमल रॉय यांच्या 'परिणीता'साठी पुन्हा तिलाच. मला विचाराल तर या दोहोंत 'परिणीता' उजवा. 'बैजू बावरा'त गाण्यांचा आणि कथेचा आधार मोठा होता. 'परिणीता'तली ललिता मात्र मोजकं बोलते, घरातली कामं करता करता प्रेम करते, आणि आपल्याला तिच्या मनातलं सगळं कळतं.

पुढच्या काळात तिच्यावर 'ट्रॅजेडी क्वीन' हा शिक्का बसला तो बसलाच. पण जरा आठवून बघा. दिलीपकुमारबरोबरचे 'आझाद' आणि 'कोहिनूर', जेमिनी गणेशनबरोबरचा 'मिस मेरी'. त्यात ती हसते, चिडवते, रुसते, नाचते, आणि किती सहज! 'आझाद'साठी तिला नामांकन मिळालं होतं, पारितोषिक मिळालं 'बिराज बहू'साठी कामिनी कौशलला. पुढे मात्र मीनाकुमारीचं हसणं जणू कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. रडणारी बाई म्हणजे मोठी अभिनेत्री, हा आपलाही समज असतोच की.

मग आलं 1962. या एका वर्षात तिचे तीन चित्रपट लागले. 'आरती'त ती डॉक्टर होती. 'मैं चुप रहूंगी'त मुलाच्या बापाचं नाव न सांगता सगळं सोसणारी कुमारी माता. आणि 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये छोटी बहू. 1963 च्या फिल्मफेअरसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची नामांकनं तीन, आणि तिन्ही तिचीच! दुसरं नावच नाही. त्या वर्षी वाद घालायचा तो मीनाकुमारी की आणखी कुणी असा नव्हताच, कुठली मीनाकुमारी असा होता.

पारितोषिक मिळालं छोटी बहूला, आणि ते अगदी योग्य होतं. बाकीच्या दोन भूमिका चांगल्या आहेत, पण त्या बायका आपल्या ओळखीच्या. एक कर्तव्यदक्ष, दुसरी सोशिक. छोटी बहू तशी नाही. बिमल मित्र यांच्या कादंबरीतली ही जमीनदाराच्या हवेलीतली सून नवरा बाहेरख्याली आहे हे मुकाट सोसत नाही, तो घरात थांबावा म्हणून त्याच्याच हट्टापायी दारूचा पेला तोंडाला लावते. पहिल्या घोटाची किळस, मग सवय, मग तिचीच गरज, असा तो उतार आहे. नवऱ्याला अडवण्याच्या एकाच प्रसंगात आर्जव, लाडिकपणा आणि तो निघून जाताना उसळलेला संताप हे सगळं येतं. बाईला शरीराची आणि सहवासाची भूक असते, हे त्या काळच्या पडद्यावर एका कुलवंत सुनेच्या तोंडून ऐकवणं सोपं नव्हतं. तिनं ते ओंगळ न करता आणि पावित्र्याचा मुलामाही न देता केलं.

इथेच ती 'बिचारी' आड येते. तिला नंतर दारूचं व्यसन लागलं, लग्न मोडकळीला आलं, 1964 मध्ये ती नवऱ्याचं घर सोडून निघाली. मग लोक म्हणू लागले, अहो, छोटी बहू म्हणजे तीच, तिनं अभिनय कुठे केला, ती स्वतःचंच जगली. वरवर ही स्तुती वाटते. नीट पाहिलं तर यात तिच्या कामाचं श्रेय काढून घेतलंय. कॅमेऱ्याची जागा, उजेडाची रेघ, मागचा-पुढचा दुवा सांभाळून तुकड्यातुकड्यांत चित्रित होणारी भूमिका एकसंध वाटायला लावणं हे निव्वळ दुःखी असल्याने जमत नाही. नाहीतर दुःखी बायका काय कमी आहेत जगात!

ती हरलीही, आणि चांगल्या जणींकडून हरली. 1964 ला 'दिल एक मंदिर'साठी तिचं नामांकन होतं, बाहुली मिळाली 'बंदिनी'तल्या नूतनला. शोभना समर्थांच्या या लेकीनं 'बंदिनी'त नुसत्या चेहऱ्यावर जे उभं केलं, त्यापुढे वाद घालायला जागा नाही. 1967 ला 'फूल और पत्थर' होता, पण समोर 'गाइड'मधली वहिदा रेहमान. तिथेही निकाल बरोबरच. उलट 1966 ला 'काजल'साठी मिळालेलं तिचं चौथं फिल्मफेअर मला तरी तिच्या इतर तिघांच्या पंगतीत बसणारं वाटत नाही. सोसण्याचा साचा तयार होता आणि त्या साच्यालाच दाद मिळाली, असं वाटतं.

आता 'पाकीजा'. कमाल अमरोहींनी या चित्रपटाचं स्वप्न पाहिलं ते पन्नाशीच्या दशकात, तिच्यासाठीच. सुरुवातीचं चित्रण कृष्णधवल होतं, नंतर रंगीत करायचं ठरलं. दोघं वेगळी झाली आणि काम थांबलं. मधल्या काळात छायाचित्रकार जोसेफ वर्शिंग गेले, संगीतकार गुलाम मोहम्मद 1968 मध्ये गेले. नर्गिस आणि सुनील दत्त यांनी मध्यस्थी केली आणि 1969 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. तोवर मीनाकुमारी यकृताच्या विकारानं पोखरली गेली होती. शेवटच्या नाचातला काही भाग पद्मा खन्नानं तिच्याऐवजी, चेहरा झाकून केला. 4 फेब्रुवारी 1972 ला चित्रपट प्रदर्शित झाला. 31 मार्चला ती गेली. वय अवघं अडतीस. त्यानंतर प्रेक्षकांची रीघ लागली, ती साहिबजानला बघायला होती तितकीच मीनाकुमारीला निरोप द्यायलाही होती.

1973 च्या फिल्मफेअरमध्ये तिचं नामांकन होतं. पारितोषिक मिळालं 'सीता और गीता'साठी हेमामालिनीला. 'पाकीजा'च्या वाट्याला एकच बाहुली आली, कलादिग्दर्शक एन. बी. कुलकर्णी यांची. संगीताचं पारितोषिक 'बेईमान'साठी शंकर-जयकिशनना गेलं, तेव्हा त्याच 'बेईमान'साठी स्वतःला मिळालेलं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक प्राणनं नाकारलं. ते गुलाम मोहम्मदना मिळायला हवं होतं, हा त्याचा निषेध. त्याचा मुद्दा संगीताचा होता आणि तो रास्त होता. पण लोकांच्या मनात सगळी हळहळ एकत्र झाली, आणि मीनाकुमारीवरही अन्याय झाला हे जणू ठरूनच गेलं.

खरंच झाला का? योगायोग बघा, दोघींच्याही दुहेरी भूमिका होत्या. मीनाकुमारी 'पाकीजा'त आई आणि मुलगी दोन्ही होती, हेमामालिनी दोन जुळ्या बहिणी. 'पाकीजा'तली मीनाकुमारी मोहवते, तिचा आवाज, तिचं चालणं विसरता येत नाही. पण मधल्या खंडामुळे भूमिका कुठे कुठे सुटी पडते, आणि तिची ताकद कमी झालेली दिसते. हेमामालिनीनं एक भेदरलेली आणि एक बिनधास्त अशा दोघी नुसत्या देहबोलीतून वेगळ्या ठेवल्या, आणि हसवलं. हसवणं हलकं, रडवणं भारी, हा हिशेब इथेही आडवा येतो. 'कोहिनूर' आणि 'मिस मेरी' करणाऱ्या बाईला तरी तो पटला नसता असं आपलं मला वाटतं. त्या वर्षी परीक्षकांनी काम बघितलं असेल, तर त्यांनी तिचा अपमान केला नाही.

ती गेली म्हणून, भोगलं म्हणून, एक शेवटची बाहुली द्यायला हवी होती, हा आग्रह प्रेमाचा आहे. पण त्यात सवलत आहे, आणि मीनाकुमारीला सवलतीची गरज नव्हती. तिच्याकडे चार बाहुल्या आधीच होत्या, आणि एका वर्षी तर तिच्याशी स्पर्धा करायला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. कर्तबगार बाईची गोष्ट सांगताना आपण तिच्या हालअपेष्टांची यादी आधी देतो आणि कामाची नंतर. तिच्या बाबतीत एकदा उलटं करून बघूया. पुढच्या वेळी 'पाकीजा'चा वाद निघाला, तर 'साहिब बीबी और गुलाम' लावा. डावा हात कुठे आहे ते शोधा. आणि 'बिचारी' म्हणायच्या आधी जरा थांबा.