पंडिता रमाबाई : आपल्या माणसांपलीकडची माया

मेळाव्याची यादी करायला बसले की आधी आपल्या बाकावरची नावे आठवतात, मग वर्गातली. शेवटी ज्यांच्याशी आपण कधी बोललोच नाही, त्यांची. माया आपल्या माणसांपासून सुरू होते, यात गैर काही नाही. ती तिथेच थांबते का, हा खरा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर देत राहिलेल्या एका स्त्रीची ही ओळख.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरत असे. दुष्काळात अन्नाविना आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे भाऊही गेला. 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. दोन वर्षांच्या आतच पतीचे निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी आपल्या मानून सांभाळत होत्या. रमाबाईंना याचे नवल वाटले. त्यामागची प्रेरणा विचारली तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट कळली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, तरी येशूने विहिरीवर तिच्याकडे पाणी मागितले. पाण्यावरून माणूस दूर ठेवण्याची रीत आपल्याकडे काही नवी नव्हती. ती गोष्ट त्यांच्या मनाला भिडली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेत व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळता येत असे. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. पण मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांची शंका अगदीच निराधार होती, असेही म्हणता येणार नाही. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे उपाशी मरत असल्याचे कळताच रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. रस्त्याकडेला, धर्मशाळांत पडलेल्या मुली त्यांनी उचलून आणल्या. या वेळी कुणाचीच जात विचारली नाही. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून दौंडच्या वाटेवरील केडगावच्या माळावर, आपल्या शेतात त्यांनी या मुलींना नेले. तेच ‘मुक्ती’. 1900 च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्याकडच्या मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे मुलीच चालवत. अंध मुलींचीही सोय झाली. जगाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलहॅममध्ये जे पाहिले होते, ते केडगावात घडले.

शेवटची अनेक वर्षे त्यांनी बायबलचे भाषांतर केले, तेही खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. लेकीचे दुःख पोटात ठेवून त्यांनी काम सुरू ठेवले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.

त्यांची माया प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे गेली आणि प्रत्येक पावलाला जवळची काही माणसे दुरावली. आधी विधवा, मग कुठल्याही जातीच्या अनाथ मुली, मग जिचे नाव घेणेही लोकांना नको वाटे ती स्त्री. त्यांचा धर्म आपला असो वा नसो, एवढे तरी त्यांच्याकडून घेता येईल. या मेळाव्यात आपण जुन्या मित्रांना कडकडून भेटूच. ज्याच्याशी शाळेत कधी बोललो नाही, त्याच्या शेजारीही थोडा वेळ बसू या.