गांधीजींचे अक्षर

महात्मा गांधींनी आयुष्यभर अफाट लेखन केले. पत्रे, लेख, निवेदने, भाषणे मिळून त्यांचे संकलित वाङ्मय १०० खंडांत प्रसिद्ध झाले आहे. त्यातील पुष्कळसे मजकूर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. मात्र त्या हाताचे अक्षर चांगले नव्हते. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. उलट आत्मकथेत तिची मोकळेपणाने कबुली दिली आणि आपल्यासारखी चूक इतरांनी करू नये, असेही सांगितले.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. त्यांचे बहुतेक शालेय शिक्षण राजकोटला झाले. अभ्यासात ते सामान्य होते, स्वभावाने अतिशय लाजाळू. शिक्षणात सुंदर अक्षराची काही गरज नाही, अशी एक समजूत त्या वयात त्यांच्या मनात कुठून तरी शिरली. परिणामी कित्ता गिरवण्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले आणि अक्षर वाकडेतिकडे राहून गेले.

पण याच वेड्यावाकड्या अक्षराने घरात एकदा फार मोठे काम केले. मोहन त्या वेळी १५ वर्षांचा होता. भावाच्या डोक्यावर सुमारे २५ रुपयांचे कर्ज झाले होते. भावाच्या हातात सोन्याचे कडे होते. मोहनने त्या कड्यातून सोन्याचा एक तुकडा काढला आणि कर्ज फिटले. परंतु त्यानंतर त्याचे मन त्याला खाऊ लागले. वडिलांना सांगितल्यावाचून सुटका नाही, हे त्याला कळून चुकले. पण जीभ उचलेना. वडील मारतील ही भीती नव्हती, कारण त्यांनी मुलांवर हात उगारल्याचे त्याला आठवतच नव्हते. त्यांच्या मनाला होणाऱ्या यातनांची भीती होती. शेवटी त्याने सारा अपराध चिठ्ठीत लिहिला. शिक्षा मागितली, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनवणी केली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली.

वडील तेव्हा भगंदराच्या व्याधीने अंथरुणाला खिळले होते. मोहनने थरथरत्या हाताने चिठ्ठी त्यांना दिली आणि तो समोर बसला. ती वाचण्यासाठी वडील उठून बसले. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून आसवे गळू लागली आणि कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी विचार केला, मग चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. रागाचा एक शब्दही नाही. मोहनलाही रडू आवरले नाही. वडिलांनी त्या चिठ्ठीत मुलाचे अक्षर कसे आहे हे पाहिले नसणार; त्याचे मन मात्र त्यांना स्वच्छ वाचता आले. पुढे १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोहनदास १८८८ मध्ये इंग्लंडला गेले, १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १८९३ मध्ये वकिलीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथे जन्मलेल्या आणि शिकलेल्या तरुणांची, वकिलांची मोत्याच्या दाण्यांसारखी अक्षरे त्यांनी पाहिली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले पाहिजे, असे त्यांचे मत बनले. अक्षर सुधारण्याचा त्यांनी प्रयत्नही केला, पण हाताला लागलेले वळण सुटले नाही.

अक्षरावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असे अनेकांना वाटते. युरोपात तर या विषयाची एक स्वतंत्र विद्याच उभी राहिली. शास्त्रीय कसोट्यांवर तिचे दावे टिकलेले नाहीत, आणि गांधीजींचे उदाहरण घेतले तरी ते फसतातच. अक्षर पाहून कोणी त्यांना अव्यवस्थित ठरवले असते. प्रत्यक्षात ते पै-पैचा हिशेब ठेवणारे, वेळेचे विलक्षण काटेकोर आणि आलेल्या पत्रांना निष्ठेने उत्तरे देणारे होते.

तरीही त्यांचे एक हस्तलिखित त्यांच्याविषयी बरेच काही सांगते. १९०९ मध्ये ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी ते लंडनला गेले होते. हाती काही न लागता परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर, १३ ते २२ नोव्हेंबर या दहा दिवसांत, त्यांनी 'हिंद स्वराज' हे पुस्तक गुजरातीत लिहिले. कागद बोटीवरचाच होता. हस्तलिखिताची पाने २७५ झाली. लिहून लिहून उजवा हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली; सुमारे ४० पाने डाव्या हाताची आहेत. खाडाखोड फारच थोडी आहे. विचार मनात इतके पक्के झाले होते की हात त्यांच्यामागे नुसता धावत होता. या हस्तलिखिताची जशीच्या तशी छापील प्रत पुढे १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

डाव्या हाताची ही सवय पुढेही उपयोगी पडली. उजव्या हाताला त्रास होऊ लागला की ते डाव्या हाताने पत्रे लिहीत. सोमवारी त्यांचे मौन असे. त्या दिवशी कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून ते संभाषण करीत. वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूही त्यांनी वाया जाऊ दिल्या नाहीत. त्यांच्या स्वाक्षरीसाठी लोक धडपडत, तेव्हा हरिजन निधीसाठी ते पाच रुपये मागून घेत. ज्या अक्षराची लाज वाटली होती, ते असे दुसऱ्यांच्या कामी आले!

बालपणातील उणिवेतून त्यांनी शिक्षणाविषयी एक विचारही काढला. मुलाने आधी चित्र काढायला शिकावे. फुले, पक्षी जसे तो न्याहाळतो, तशी अक्षरेही न्याहाळावीत आणि वस्तूंची चित्रे काढता येऊ लागल्यावरच लेखणी धरावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण देशापुढे ठेवले. त्याच्या मुळाशीही हाताला घडवण्याचीच दृष्टी होती.

१९४६ च्या अखेरीस गांधीजी दंगलग्रस्त नोआखालीत गेले आणि पुढे तेथे गावोगाव पायी हिंडले. तेथील माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे म्हणून वयाच्या ७७ व्या वर्षी ते बंगाली शिकू लागले. दिवसभराच्या चिंता आणि भेटीगाठी यांतून वेळ काढून ते पाटी घेतलेल्या विद्यार्थ्यासारखे नवी अक्षरे लिहीत. नोआखाली सोडल्यावरही हा अभ्यास थांबला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात त्यांनी रोजच्याप्रमाणे बंगाली लेखनाचा सराव केला. त्याच दिवशी सायंकाळी प्रार्थनेला जात असताना त्यांची हत्या झाली.