७ नोव्हेंबर : बाबासाहेबांचा आणखी एक दिवस

मित्रांनो, ७ नोव्हेंबर म्हणजे विद्यार्थी दिन. १९०० साली याच तारखेला छोट्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, हे आपल्याला पाठ आहे. पण बरोबर ३८ वर्षांनी, याच तारखेला, बाबासाहेब मुंबईच्या गिरणगावात संपकरी कामगारांसोबत होते. ही गोष्ट मात्र हॉस्टेलच्या गप्पांत फारशी निघत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला शिकून आले, तरी बरीच वर्षं परळच्या चाळीत कामगारांच्या शेजारीच राहिले. गिरणीत तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडत. विटाळ होतो म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेतच नसत! १९२८ च्या मोठ्या संपात त्यांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला.

१९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. तडजोडीची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तुरुंग! काम सोडणं हा फार तर करारभंग, तो गुन्हा कसा? मनाविरुद्ध राबवून घेणं ही गुलामीच, असं बाबासाहेबांनी कायदेमंडळात मांडलं. तरी विधेयक थांबलं नाही. मग एरवी न पटणारे कम्युनिस्ट आणि बाबासाहेब एकत्र आले. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला.

पुढे १९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. खुर्ची मिळाली म्हणून कामगार विसरले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ ला कोळशावर कर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. युद्धकाळात त्यांच्याच खात्याने बायकांच्या भूमिगत कामावरची बंदी उठवली, त्यावर टीकाही झाली. १९४६ ला ती बंदी परत लागू झाली.

६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

मित्रांनो, उद्या देवगाव फाट्यावरून एसटी धरून आपण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जाऊ. कुणी सुपरवायझर होईल, कुणी मॅनेजर. समोर मशीनसोबत माणूसही असेल. त्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी विद्यार्थी दिन साजरा झाला!