गाठीचा माग

कमल रणदिवे हे नाव आपल्या पिढीने वर्तमानपत्रात वाचले आणि पुढच्या पिढीला कुणी सांगितले नाही. माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्याला याचे राहून राहून नवल वाटते. आपल्याकडे नटनट्यांची चरित्रे ढिगाने निघतात!

कमलताई पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे त्यांच्या मनात होते. हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या मुलीने दोन्ही टाळले. ती वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासात रमली, आणि १९३९ साली तिने गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न केले.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले होते. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ साली पीएच. डी. मिळवली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. काचेच्या भांड्यात न मरता वाढत राहणाऱ्या मानवी पेशी १९५१ साली प्रथम वाढवल्या त्या याच गे यांनी. ही विद्या घेऊन कमलताई परतल्या आणि पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. परदेशी राहणे सोपे होते, पण त्या राहिल्या नाहीत.

त्यांचा खरा विषय स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या काही वंशांत तो सहज होतो, काहींत होत नाही. असे का? एक कारण आनुवंशिक, दुसरे आईच्या दुधातून पिलात जाणारा विषाणू, तिसरे हार्मोन्स. ही तिन्ही एकमेकांत कशी गुंतली आहेत, याचा त्यांनी वर्षानुवर्षे माग काढला.

हार्मोनची गंमत अशी, की ते रक्तातून सगळीकडे फिरते, पण ऐकतात ठरावीक पेशीच. ज्या पेशीवर त्याचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतील, तिलाच ते कळते. बँकेच्या लॉकरचेच घ्या. शेजाऱ्याची किल्ली तुमच्या लॉकरला चालत नाही. इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरचा शोध शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी लावला. आज स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली की तिच्यावर हे रिसेप्टर आहेत का, ते आधी तपासतात. असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी कामी येते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. दूध आणणारे प्रोलॅक्टिन तीच सोडते. तिच्यातही गाठी होतात. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठीवर डोपामाइनचे रिसेप्टर पुरेसे असले, तर ती बहुधा गोळीनेच आकसते. ते कमी असले की गाठ औषधाला दाद देत नाही. काही गाठी तर शेजारच्या हाडातही घुसतात.

१९९१ साली माझी बदली भोरला झाली होती. वेल्ह्याकडची एक बाई नसरापूरला एस. टी. बदलून आमच्या शाखेत यायची. म्हशीच्या कर्जाचा हप्ता तिने कधी चुकवला नाही. एक दिवस ती मुदतठेव मोडायला आली. स्तनातली गाठ तिने दीड वर्ष पदराआड ठेवली होती. नवऱ्यालाही सांगितले नव्हते. दुखत नव्हती ना, म्हणाली. पुढच्या हप्त्याला तिचा मुलगा आला.

कमलताईंचे मोठेपण मला इथे दिसते. बाई प्रयोगशाळेत अडकून पडल्या नाहीत. कुष्ठरोगाच्या जंतूंवर त्यांनी काम केले, १९७३ साली स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना उभारली, १९८२ साली पद्मभूषण मिळाले. आणि १९८९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करीत होत्या. खेड्यातल्या बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगत होत्या.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. आता तिशी ओलांडलेल्या बायकांची स्तनतपासणी सरकारच्या आरोग्य कार्यक्रमात होते. वेल्ह्याच्या बाईनेही गावच्या आशाताईला विचारले, तर ती कुठे जायचे ते सांगते.