श्लोक ३.३५ आणि थेऊरचे माधवराव

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३५.

दुसऱ्याचा धर्म कितीही नीट जमत असला तरी आपल्या वाट्याला आलेला धर्मच बरा, मग तो पाळताना उणं राहिलं तरी चालेल, असं भगवंत इथे सांगतात. हे वाचताना मला थोरले माधवराव पेशवे आठवतात. इथे खडकवासल्याच्या धरणातून सोडलेलं पाणी मुठेतून पुण्यात जातं आणि पुढे मुळा-मुठा होऊन थेऊरला चिंतामणीच्या गावाला वळसा घालतं. तिथेच माधवराव गेले, २७ वर्षांचे असताना.

१७६१ च्या जानेवारीत पानिपतावर थोरले बंधू विश्वासराव पडले. जूनमध्ये वडील नानासाहेब पर्वतीवर वारले. जुलैत १६ वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, पण कारभार काका रघुनाथरावांच्या म्हणजे राघोबादादांच्या हातात. वर्षभरातच काका-पुतण्याचं फाटलं आणि दादा निजामाची मदत घेऊन चालून आले.

नोव्हेंबर १७६२ मध्ये घोड नदीवर आणि मग आळेगावला मराठेच मराठ्यांशी लढले. यात साध्या शिलेदाराचा विचार करून बघा. घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला की रोजगार बुडाला. दाणावैरण महाग, पगार थकलेला, आणि समोरच्या गोटात कदाचित आपलाच मेहुणा. पानिपताहून जे जिवंत परतले, त्यांनी दीड-पावणेदोन वर्षांत हे बघायचं! अर्जुनाला पहिल्या अध्यायात घाम फुटला तो उगाच नाही.

माधवरावांनी मात्र इथे वेगळंच केलं. लढाई हाताबाहेर जातेय, अजून ताणलं तर राज्यच दुभंगेल, हे बघून ते स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम वाटतो, राक्षसभुवनपेक्षाही मोठा. तिथे, १० ऑगस्ट १७६३ ला, गोदावरीकाठी निजामाच्या फौजेने दादांना घेरलं होतं. त्यांना सोडवायला धावून गेला तो हाच पुतण्या. लढाई जिंकली आणि त्यानंतर कारभार हळूहळू माधवरावांच्या हाती आला.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट परंपरेने सांगतात ती याच तरुण पेशव्याची. माधवराव जप-ध्यानात तासन् तास बसू लागले. एकदा शास्त्री कामासाठी आले तर पेशवे ध्यानात, म्हणून ते तसेच परत गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली आणि पेशव्यांनाही सोबत चलायला सांगितलं. ब्राह्मणाची तपश्चर्याच करायची तर गंगेकाठी बसून नीट करावी. पण गादीवर बसायचं असेल तर रयतेचं काम हीच पूजा. माधवरावांनी ऐकलं आणि कामाला लागले. आपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट करून नामस्मरण करतो ना, त्यावरही शास्त्रीबुवांनी एक नजर टाकली असती.

पुढची वर्षं बहुतेक घोड्यावरच गेली. दसऱ्याला बाहेर पडायचं, पावसाळ्यापर्यंत मुलूखगिरी. कर्नाटकात हैदरअलीवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या. आणि घरचं युद्ध संपलेलं नव्हतंच. जून १७६८ मध्ये धोडपला दादा पुन्हा उभे राहिले, गायकवाडांची कुमक घेऊन. या वेळी माधवरावांनी माघार घेतली नाही. काकांना पकडून पुण्याला आणलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १७६२ ला शरण जाणं आणि १७६८ ला पकडणं, दोन्हीत प्रश्न एकच होता: राज्य कशाने टिकेल?

तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. दवा झाली, अनुष्ठानं झाली. शेवटी ते थेऊरला चिंतामणीपाशी येऊन राहिले. जाण्यापूर्वी त्यांनी काकांना कैदेतून मोकळं केलं आणि धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हवाली केलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला प्राण सोडला. रमाबाई सती गेल्या, त्यांचं वृंदावन थेऊरला नदीकाठी आहे. गेलात तर देवळातून थेट गाडीकडे वळू नका, तिथेही जा.

पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला.

उद्या श्लोक ३६. इच्छा नसतानाही माणूस पापाकडे कसा ओढला जातो, हे अर्जुन विचारतो. आधी एकदा वाचून ठेवा.