आगरकर : देवाला साक्षी न ठेवता जगलेला नीतिमंत

जिवंत माणसाची प्रेतयात्रा पुण्याने एकदा पाहिली. सनातन्यांनी काढलेली ती अंत्ययात्रा होती गोपाळ गणेश आगरकरांची. धर्मावरील श्रद्धा सुटली की नीतीचे बंधनही सुटते, ही त्या काळाची ठाम समजूत होती. जेमतेम ३९ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या आगरकरांनी ती आपल्या लेखणीने आणि त्याहूनही अधिक आपल्या आचरणाने खोटी ठरवली.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तेथे मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचारांना दिशा दिली, तर टिळकांच्या सहवासाने कार्याला. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून लोकहितासाठी झटणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले.

हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अध्यापन, १८८१ पासून ‘केसरी’चे संपादन, कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाची उभारणी आणि १८९२ पासून तेथील प्राचार्यपद, असा हा अखंड त्याग होता. त्यामागे मोक्षाची आशा नव्हती की पुण्यसंचयाचा हेतू नव्हता.

ईश्वर व परलोक यांविषयी मानवाला निश्चित ज्ञान होऊ शकत नाही, असे ते मानत. मग सदाचरणाचा आधार कोणता? आगरकरांच्या मते तो माणसाच्या सुखदुःखात होता. स्वर्गाच्या लोभाने वा नरकाच्या भीतीने घडणारे सत्कृत्य हा त्यांच्या लेखी व्यवहारच. कोणत्याही रूढीला त्यांचा प्रश्न एकच असे : हिच्यामुळे कोणाचे दुःख वाढते? याच कसोटीवर त्यांनी बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांना अनीतिमान ठरवले, मग शास्त्राधार काहीही असो.

या भूमिकेची किंमत मोठी होती. समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद विकोपाला गेले. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हे दोन मित्र उघडपणे परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. दम्याने शरीर पोखरले जात असतानाही आगरकरांनी लेखणी खाली ठेवली नाही.

१७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. पुढच्या जन्मावर ज्याचा भरवसा नव्हता, त्याने या जन्मातील कोणाचे देणे मागे ठेवले नाही.