राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि पेरियार

कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेपुढे अपत्यासाठी नवस बोलायला दूरदूरची दांपत्ये जातात. याच तंजावर जिल्ह्याच्या मुख्य शहरात, भोसल्यांच्या एकेकाळच्या राजधानीत, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी एका कट्टर निरीश्वरवाद्याने राज्यघटना जाळण्याची हाक दिली.

इरोडच्या सधन व्यापारी घराण्यात १८७९ मध्ये जन्मलेले पेरियार ई. व्ही. रामस्वामी १९२५ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले ते जातीच्या प्रश्नावर. पुढे हिंदीच्या सक्तीविरुद्ध १ ऑगस्ट १९५५ रोजी राष्ट्रध्वज जाळण्याची घोषणा त्यांनी केली. मुख्यमंत्री कामराजांच्या आश्वासनानंतर ती मागे घेतली. घटनेबाबत मात्र माघार नव्हती. धर्मस्वातंत्र्याच्या कलमांआडून जातिव्यवस्था सुरक्षित राहते, हा त्यांचा आक्षेप होता. गंमत अशी, की ज्या कामराजांचे ते खंदे पाठीराखे, त्यांच्याच सरकारने ध्वज व घटनेच्या अवमानास तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा घाईघाईने संमत केला. तरीही २६ नोव्हेंबरला घटनेच्या प्रती जळाल्या, हजारो कार्यकर्ते गजाआड गेले. काही तुरुंगातच दगावले.

खुद्द पेरियारांना डिसेंबरमध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती ब्राह्मणांविरुद्ध हिंसेला चिथावणी देणाऱ्या भाषणांबद्दल. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने या भाषणांचे समर्थन करता येत नाही. त्यांचे चाहते हा भाग सहसा वगळतात.

न्यायासनाशी त्यांचे नाते विलक्षण होते. न्यायाधीशांवर जाहीर टीका केल्याबद्दल १९५७ मध्येच त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला चालला. पण शिक्षा चुकवण्यासाठी कायद्याच्या पळवाटा शोधणे त्यांना मान्य नव्हते. १९३३ च्या राजद्रोहाच्या खटल्यातही त्यांनी बचाव मांडला नव्हता. टीका करावी आणि तिची किंमतही मोजावी, हा त्यांचा न्यायालयाविषयीचा आदर.

१९५३ मध्ये तिरुचीत त्यांनी गणपतीची मातीची मूर्ती फोडली, तेव्हा खालच्या न्यायालयांनी तक्रार फेटाळली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चूक ठरवली: एखाद्या समाजाला पवित्र वाटणारी वस्तू, मग ती प्राणप्रतिष्ठा न झालेली का असेना, कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे. मात्र बराच काळ लोटल्याने पुढील चौकशीचा आदेश दिला नाही.

ध्वज व घटनेच्या अवमानाविरुद्ध संसदेने देशव्यापी कायदा केला १९७१ मध्ये. सनदशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेली टीका गुन्हा नाही, असा खुलासा त्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ध्वज जाळणेही अभिव्यक्तीच मानले. आपल्याकडे तो आजही गुन्हा आहे.

पेरियार २४ डिसेंबर १९७३ रोजी वारले. पाचच दिवस आधी, वयाच्या ९४ व्या वर्षी, मद्रासच्या त्यागरायनगरात त्यांचे अखेरचे जाहीर भाषण झाले होते.